गवत वाळण्याआधी गोदामाभोवतीची जागा साफ करा

परभणीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस फेब्रुवारीच्या आरंभी भरतो. उरुसातील दुकाने उठली, पाळणे उतरले की आमच्याकडील हवा पालटते. पहाटे गारवा असतो, पण दुपारचा वारा कोरडा होतो आणि धुऱ्यावरचे गवत पायाखाली करकर वाजू लागते. वनखात्याच्या हिशेबाने महाराष्ट्रात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि १५ जूनला संपतो. त्या तारखेच्या आत जंगलातील जाळरेषा तयार करून घ्याव्यात असा त्या खात्याचा जुना शिरस्ता आहे. परभणी जिल्ह्यात जंगल नावापुरतेच, म्हणून ही तारीख आपल्या व्यापारी बांधवांच्या वहीत कधी चढली नाही. आमच्याही वहीत नव्हती. २०१९ च्या एप्रिलपासून ती आहे.

पिंगळी हे परभणी-पूर्णा लोहमार्गावरील लहानसे स्टेशन. गावच्या शिवारात आमची व आमच्या दोन भागीदारांची मिळून सव्वा एकराची जुनी आमराई आहे. आंब्याची नऊ झाडे, दोन चिंचा, काही कडुलिंब आणि मध्ये चाळीस फूट बाय साठ फुटांचे पत्र्याचे गोदाम. शहरातील भाडे परवडेना म्हणून लग्नसराईचा माल आम्ही तेथे ठेवू लागलो. जागा तिघांची, म्हणून साफसफाई कोणाचीच नाही. तीन पावसाळ्यांत गवत कमरेइतके झाले, कुंपणाला वेडी बाभूळ दाटली, गोदामाच्या मागच्या भिंतीला घाणेरी टेकली. त्यात आम्हाला वाईट असे काही दिसत नव्हते. उलट काटे वाढले की चोराला वाट राहत नाही, असे आम्हीच भागीदारांना सांगत होतो.

एप्रिलमधील एका दुपारी जवळच्या आखाड्यावर कोणीतरी धुरा पेटवला. धुऱ्यावर पऱ्हाट्यांचा ढीग होता. वारा फिरला. ज्यांनी पाहिले ते सांगतात की आमच्या कुंपणापाशी आली तेव्हा आग गुडघ्याएवढीही नव्हती. एका माणसाने ओल्या पोत्याने झोडपली असती तरी विझली असती. पण वेड्या बाभळीत शिरताच ती पुरुषभर झाली, घाणेरीवरून पत्र्याच्या वळचणीला गेली आणि फटीतून निखारे आत पडले. आत रजया, गाद्यांच्या खोळी आणि पिंजलेला कापूस. परभणीहून बंब येईपर्यंत अर्धे गोदाम गेले. आंब्याची झाडे मात्र उभी राहिली. नऊपैकी सात आजही फळ देतात.

त्या मालात आमचा माल होता तशाच अकरा पिंजारी कारागिरांनी विकण्यासाठी ठेवलेल्या रजयाही होत्या. ती अमानत होती. तिचा हिशेब पुढे येईल.

आग झाडाला लागते ही समजूत चुकीची आहे

हिरवे झाड पेटवणे हे आगीसाठी अवघड काम आहे, कारण त्याच्या खोडात आणि पानात पाणी असते. वाळलेल्या गवताचे तसे नाही. ते कागदासारखे पातळ असते, आणि ऊन व वारा मिळाला की तासाभरात त्यातील उरलासुरला ओलावा उडून जातो. अंगठ्याएवढ्या काटकीला दिवसभर लागतो, मांडीएवढ्या ओंडक्याला कित्येक आठवडे. कापडाच्या धंद्यातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. दाबून बांधलेली कापसाची गाठ पेटायला वेळ घेते, तोच कापूस पिंजून पसरला की ठिणगी पडताच भडकतो. वाळलेले गवत म्हणजे निसर्गाने पिंजून ठेवलेला कापूस समजावा.

गवताची आग वेगाने धावते, पण ती बुटकी असते आणि लवकर भागते. ती उंच होते ती शिडी मिळाली तर. पहिली पायरी गवत, दुसरी झुडूप, तिसरी झाडाच्या खाली लोंबणाऱ्या फांद्या, आणि चौथी झाडाचा शेंडा किंवा आपला पत्रा. मधली एक पायरी काढून घेतली की आग खालीच राहते. म्हणून जागा साफ करणे म्हणजे झाडे तोडणे नव्हे. झाडे राखायची आणि पायऱ्या काढायच्या. आमच्या आमराईत घडले ते याच नियमाने. आंब्यांच्या खोडाजवळ सावलीमुळे गवत थोडे होते, ती झाडे वाचली. गोदामाला मात्र आम्ही स्वतः घाणेरीची शिडी लावून दिली होती.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात पॅराडाइज नावाचे गाव होते, पॅराडाइज म्हणजे जन्नत. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी विजेच्या मोठ्या वाहिनीपासून लागलेल्या वणव्यात ते जवळजवळ पुसले गेले. ८५ माणसे गेली आणि १८ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. त्या गावाची छायाचित्रे पाहिली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. घराची राख झालेली आहे आणि शेजारचे झाड हिरवे आहे. तेथील जाणकारांचे सांगणे असे की वणव्यात बहुतेक घरे ज्वाळांच्या भिंतीने पेटत नाहीत, तर वाऱ्याबरोबर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. निखारा पत्र्यावर पडला तर विझतो. पत्र्याखाली साचलेल्या पाल्यात, भिंतीला टेकलेल्या लाकडांत किंवा पायरीवरच्या पोत्यात पडला तर घर जाते. म्हणूनच त्या प्रांतात वणव्याच्या पट्ट्यात इमारतीभोवती शंभर फुटांपर्यंत झाडोरा आटोक्यात ठेवण्याचा कायदा आहे, आणि त्यातही पहिल्या तीस फुटांचे नियम अधिक कडक आहेत.

आमच्याकडे डोंगर नाहीत आणि त्यांच्यासारखी वादळेही नाहीत. सपाट काळ्या रानात पहिले तीस फूट काटेकोरपणे आणि त्यापुढे जमेल तितके विरळ, एवढे केले तरी पुष्कळ आहे. तीस फूट ऐकले की लोक घाबरतात, म्हणून हिशेब मांडतो. चाळीस बाय साठच्या गोदामाभोवती चारी बाजूंनी तीस फूट धरले तर बाहेरचे माप शंभर बाय एकशेवीस होते, म्हणजे १२,००० चौरस फूट. त्यातून गोदामाचे २,४०० वजा केले की ९,६०० उरतात. १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा, म्हणजे काम पावणेनऊ गुंठ्यांचे. खांद्याला अडकवण्याचे पेट्रोलवरील गवत कापण्याचे यंत्र भाड्याने घेतले तर दोन मजूर हे काम दोन दिवसांत उरकतात, असा आमचा तजुर्बा आहे. एका रजईच्या खेपेवर सुटणारा नफा यापेक्षा जास्त असतो.

भिंतीपासून पहिल्या पाच फुटांत काहीही नको, गवत नको आणि माल तर नकोच. मुरूम टाकून घ्यावा. त्यापुढे गवत चार बोटांवर ठेवावे. मुळासकट खरवडू नये, नाहीतर पहिल्या पावसात काळी माती वाहून जाते आणि उघड्या जमिनीवर सर्वांत आधी गाजर गवतच उगवते. झाडांच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वर, सहा-सात फुटांपर्यंत छाटाव्यात. पत्र्यावर झुकलेली फांदी तेवढी काढावी आणि पन्हळीतील पाला उपसावा. विजेच्या तारांना घासणारी फांदी स्वतः तोडायला जाऊ नये, महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच जपून ठेवावी. डीपीखालचे गवत मात्र नजरेआड करू नये, ठिणग्या तेथेच पडतात.

कापलेले गवत त्याच दिवशी उचलावे. चाऱ्याच्या दिवसांत ते फुकट न्यायलाही लोक तयार असतात. शेळ्या हे याहून स्वस्त यंत्र आहे. आमच्याकडे शेतकरी खतासाठी धनगराला मोबदला देऊन मेंढ्या बसवतात, तसाच कळप पावसाळा संपताच आठवडाभर जागेत फिरवला तर निम्मे काम होते. कॅलिफोर्नियातही याच कामासाठी शेळ्यांचे कळप भाड्याने आणतात, हे कळले तेव्हा आम्हाला हसू आले. एकच काळजी घ्यावी. वेड्या बाभळीच्या शेंगा पिकल्या असतील तर कळप आणू नये. त्या शेंगांचे बी जनावराच्या पोटातून जसेच्या तसे बाहेर पडते आणि पुढच्या वर्षी दुप्पट काटा उगवतो.

वेड्या बाभळीचा करार

आमच्या भागात खरी डोकेदुखी हीच. हे झाड इकडचे नव्हे. अमेरिका खंडातून दीडशेएक वर्षांपूर्वी ते हिंदुस्थानात आणले गेले, आणि आता पडीक जागा, नाले, रेल्वेच्या कडा, कबरस्ताने सगळीकडे त्याचेच राज्य आहे. त्याच्या लाकडाचा कोळसा चांगला होतो, म्हणून कोळसा पाडणारे ठेकेदार जागा फुकट साफ करून देतो म्हणून येतात. सौदा वाईट नाही, पण कराराचे शब्द पाहावेत. ठेकेदाराला मनगटापेक्षा जाड लाकूड हवे असते. तो ते नेतो आणि काटेरी फांद्या जागेवर टाकून जातो. महिनाभरात त्या वाळतात आणि उभ्या झाडापेक्षा हा पसारा दसपट धोक्याचा होतो. आम्ही आता करारात तीन गोष्टी लिहून घेतो. काटक्यांसह सर्व माल आठ दिवसांत उचलणे, कोळशाची भट्टी आमच्या जागेत न लावणे, आणि बुंधे जेसीबीने मुळासकट काढणे. बुंधा राहिला तर एका खोडाच्या जागी दहा फुटवे येतात.

वेड्या बाभळीला हात लावताना सहसा अडचण येत नाही. आंबा, चिंच, मोह, साग, जांभूळ, खैर, चंदन यांची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या यादीतील झाड स्वतःच्या मालकीच्या जागेत असले तरी परवानगीवाचून तोडता येत नाही. शहराच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे आणि तेथे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मजुरांना कामाला लावण्याआधी राखायच्या झाडांच्या खोडावर चुन्याचा पट्टा मारून द्यावा. मजूर परक्या गावचा असतो, त्याच्या हातून चिंच गेली तर जाब मालकाला द्यावा लागतो.

आगीने साफसफाई नको

जाळून टाकले की जागा एका तासात मोकळी होते, हा मोह सर्वांनाच होतो. वनखाते जाळरेषा जाळूनच तयार करते, मग आपण का नको, असे एका भागीदाराने आम्हाला विचारले होते. वनखाते ते काम हंगामापूर्वी, गवत कापून, दोन्ही कडा साफ करून आणि माणसे उभी करून करते. आपण मार्चमधील भर दुपारी आगपेटी घेऊन एकटे उभे असतो. आगीबाबतच्या हलगर्जीपणाने दुसऱ्याच्या जीवाला धोका झाला तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा तो वेगळाच.

पोटासाठी आग लावणे हा प्रकार मोठ्या जंगलातही आहे. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला कोवळा फुटवा यावा म्हणून रान पेटवतात. तेंदू म्हणजे बिडीचे पान, आणि बिडीच्या धंद्यात आपले किती कारागीर आहेत हे सांगायला नको. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. त्यानंतर त्या गावाने तेंदूपाने तोडायची नाहीत असे ठरवले, कारण त्या पानांपायी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लावल्या जातात. दर वर्षी हातात येणारा पैसा त्यांनी सोडला, आणि बांबूच्या विक्रीवर गावाला रोजगार उभा केला. गरीब लोक होते, पण हिशेब पक्का होता.

कबरस्तान

आपल्या वस्त्यांत सर्वांत दाट झाडोरा कोठे असेल तर तो कबरस्तानात. शब-ए-बारातपूर्वी तरुण मुले ते साफ करतात, ही चांगली रीत आहे. पण ही रीत आपल्याला दर वर्षी वाचवील असे समजू नये. २०२४ साली शब-ए-बारात फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आली, २०२५ मध्ये १३ फेब्रुवारीच्या रात्री. चंद्राचे वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. आणखी काही वर्षांनी ही साफसफाई नोव्हेंबर-ऑक्टोबरात होऊ लागेल, आणि तेव्हा गवत अजून हिरवे असेल. ते वाळेल जानेवारीनंतर. म्हणून मुतवल्ली व कमिट्यांनी जानेवारीअखेरची एक साफसफाई इंग्रजी तारखेने ठरवून टाकावी. अगरबत्ती व मेणबत्ती लावणाऱ्यांसाठी कबरीपासून दूर, वाळू भरलेली एक जागा करून द्यावी. वक्फच्या जागेतील झाड तोडायचे असेल तर कमिटीचा ठराव आणि परवानगी दोन्ही हवीत. गवत कापायला ठराव लागत नाही.

अमानत आणि विमा

विमा घ्यावा की नाही हा मसला ज्याने त्याने उलमांना विचारून ठरवावा. ज्यांनी बँकेच्या कर्जामुळे घेतलेलाच आहे त्यांच्यासाठी हे लिहितो. २०१९ मध्ये आमच्याकडे जुन्या पद्धतीची आगीची पॉलिसी होती. तिच्यात झुडपी वणवा सामील होता, पण जंगलाचा वणवा वगळलेला होता. तो हवा असल्यास जादा हप्ता भरावा लागे. त्यामुळे सर्वेअरने पहिला प्रश्न विचारला तो हा की पेटले ते झुडूप की जंगल. आमच्या सव्वा एकराला जंगल म्हणता येईल काय, यावर दोन महिने पत्रव्यवहार चालला. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या व्यापाऱ्यांसाठी नव्या ठराविक पॉलिसी आल्या आहेत. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि पाच ते पन्नास कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. त्यांत झुडपी वणवा व जंगलाचा वणवा दोन्ही आहेत, म्हणजे तो वाद मिटला.

दुसरा वाद मिटला नाही. आमच्या जुन्या पॉलिसीत दुसऱ्याचा ठेवीचा किंवा कमिशनवर विकायचा माल, स्पष्ट लिहून घेतला नसेल तर, धरला जात नव्हता. आम्ही लिहून घेतला नव्हता. गोदामाचे व आमच्या मालाचे पैसे उशिरा का होईना आले, अकरा कारागिरांच्या रजयांचा एक पैसाही आला नाही. त्यांच्यापैकी कोणी आमच्या दारात येऊन मोठ्याने बोलले नाही. पण गवत कापणे हे आमचे काम होते आणि ते आम्ही केले नव्हते, म्हणून ती आगच लागली असे म्हणून हात झटकणे आम्हाला शक्य नव्हते. सव्वादोन वर्षे हप्त्याहप्त्याने ते पैसे आम्ही फेडले. एका कारागिराचा इंतकाल झाला होता, त्याचा हप्ता त्याच्या मुलीकडे गेला. ज्यांच्याकडे जॉबवर्कचे, ठेवीचे किंवा कमिशनचे सामान पडून असते त्यांनी आजच आपली पॉलिसी काढून पाहावी. माल कोणाचा आणि कोठे ठेवलेला, उघड्यावर की आत, हे तिच्यात लिहिलेले आहे की नाही ते वाचावे.

आग विझवायला धावताना अंगावर काय आहे, हे आमच्या धंद्याचे बोलणे आहे म्हणून सांगतो. पॉलिस्टर आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटतात. टेरिकॉट त्याहून फसवे असते. त्यातील सूत वितळलेल्या पॉलिस्टरला धरून ठेवते आणि दोन्ही मिळून जळत राहतात. जाड सुती कपडे घालावेत, हाताशी ओले घोंगडे किंवा तागाचे पोते ठेवावे. ओढणी आणि जॉर्जेटचा बुरखा घेऊन कोणीही आगीजवळ जाऊ नये. वाऱ्याच्या समोर उभे राहू नये, बाजूने झोडपावे, कडुलिंबाची ओली डहाळी त्याला उत्तम. जळालेली कापसाची गाठ विझलेली दिसली तरी आत दोन-दोन दिवस धुमसते, ती उघड्यावर नेऊन फोडल्याशिवाय आत घेऊ नये. रात्री झोपण्यापूर्वी घरातील आग विझवण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. गोदामाच्या चौकीदाराची चूल आणि बिडी त्यातच धरावी.

यंदा आमच्या जागेचे काम ठरल्याप्रमाणे झाले आहे. पूर्वेच्या बाजूला तीन गुंठेवारी प्लॉट आहेत, मालक बाहेरगावी. दोघांनी फोनवरच परवानगी दिली आणि आम्ही हद्दीपलीकडे पंधरा फूट स्वखर्चाने साफ करून घेतले. तिसऱ्यांना रजिस्टर पत्र पाठवले. त्याची पोच आली, उत्तर अजून नाही. त्यांच्या प्लॉटवरची वेडी बाभूळ आमच्या पत्र्याच्या वर गेली आहे.